ग्रीव्ज स्कॉटिश 1964: लिलावापासून पहिल्या ट्रायलपर्यंत

7 ऑक्टोबर 2023

लिलावाचा कॅटलॉग आला. लॉट नंबर 214, 1964 ची ग्रीव्ज स्कॉटिश 24टीईएस, ब्रिटिश ट्रायल्स मोटरसायकल, 246 सीसी, अंदाज 2,000 ते 3,000 पाउंड, रिझर्व्ह (म्हणजे किमान किमतीची अट) नाही. फोटो दोनच आणि दोन्ही उजव्या बाजूचे, म्हणजे डाव्या बाजूला काहीतरी भानगड आहे हे मी धरूनच चाललोय.

हे खूळ कुठून आलं ते एकदा लिहून ठेवतो, कारण बायको सारखी विचारते आणि दरवेळी मी वेगळं उत्तर देतो. इंग्लंडात डर्बीला आल्यावर दुसऱ्या वर्षी ऑफिसातल्या एकानं ट्रायल्स बघायला नेलं. मला वाटलं रेस असेल. तर रेस नाहीच, एका ओढ्यात शेवाळलेले दगड, त्यात दोन्ही बाजूला दोऱ्या आणि छोटे झेंडे लावलेले, त्यामधून एकेकानं चालण्याच्या स्पीडनं गाडी न्यायची, सीटवर न बसता, आणि पाय जमिनीला लागता कामा नये. एकदा पाय टेकला 1 मार्क, दोनदा 2, तीन किंवा जास्त वेळा 3, आणि पडलास, अडकलास किंवा दोरीबाहेर गेलास की सरळ 5. ज्याचे मार्क सगळ्यात कमी तो जिंकला. कुणी ओरडत नाही, कुणी घाई करत नाही, सत्तरीचा म्हातारा येतो, दगड बघून पाच मिनिटं विचार करतो आणि पुट-पुट-पुट करत वर निघून जातो. मी त्याच दिवशी गेलो कामातून.

दोन वर्षं गॅस गॅस कंपनीच्या एका जुन्या ट्रायल्स गाडीवर शिकलो. पण जीव सगळा प्री-65 वाल्यांवर. म्हणजे 1965 च्या आधीच्या डिझाइनच्या ब्रिटिश गाड्या. 65 च का, तर 64 च्या शेवटी ट्रायल्सचा बादशहा सॅमी मिलर स्पेनच्या बुल्टाको कंपनीकडे गेला. तोपर्यंत हा माणूस 500 सीसीच्या ब्रिटिश एरियलवर सगळ्यांना हरवत होता, 62 आणि 64 ची स्कॉटिश सिक्स डेज (स्कॉटलंडमधली सहा दिवसांची मोठी ट्रायल) त्यानं एरियलवरच मारलेली, आणि 65 ला तीच स्पर्धा बुल्टाकोच्या हलक्या टू-स्ट्रोकवर जिंकून दाखवली. त्यानंतर ब्रिटिश जड फोर-स्ट्रोकचा खेळ जवळपास आटोपलाच. म्हणून जुन्या गाड्यांना त्या वर्षाची रेघ.

खरं मनात होती एनफील्ड. आपल्याकडे बुलेट म्हणजे गावच्या पाटलाची गाडी, रस्त्याच्या मधून चालणारी. तीच 350 बुलेट घेऊन जॉनी ब्रिटननं 1952 आणि 57 ला स्कॉटिश सिक्स डेज जिंकलीय हे मला इथे आल्यावर कळलं, तासगावात कुणाला सांगितलं तर पटणार नाही. पण खऱ्या ट्रायल्स बुलेटच्या किमती माझ्या आवाक्याबाहेर, आणि स्वस्तात दिसली की ती रोडची गाडी असते जिला कुणीतरी छोटी टाकी आणि वर वळवलेला सायलेन्सर लावलेला असतो. ट्रायम्फची टायगर कब, बीएसएची बँटम ह्यांचंही तेच. ग्रीव्जची नक्कल करणं अवघड, कारण तिच्या चेसीचा पुढचा भाग पाइप नाहीच, ॲल्युमिनियमचा ओतीव जाडजूड बीम आहे, रेल्वेच्या रुळासारखा आडव्या छेदाचा. तो खोटा कोण बनवणार.

आणि दुसरं कारण म्हणजे पुढचा फोर्क. लीडिंग लिंक. आमच्या आण्णांची राजदूत होती ना, पोलंडच्या एसएचएलवरून बनवलेली जुनी 175, तिला पुढे असाच झोपाळ्यासारखा फोर्क होता. कॅटलॉगमधला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तर आण्णांचा रिप्लाय: "ही आपलीच दिसतीय. विकली होती की तिला."

13 ऑक्टोबर

व्ह्यूइंग, म्हणजे लिलावाआधी गाड्या बघायचा दिवस. हॉलमध्ये दीडशे-दोनशे गाड्या दाटीवाटीनं, आणि माझ्यासारखेच चाळीस-पन्नास लोक टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसलेले, देवळात बसल्यासारखे.

डाव्या बाजूची भानगड सापडली. प्रायमरीच्या (इंजिनकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या) कव्हरला वेल्डिंगचा मोठा वण, आणि खाली ऑइलचं थारोळं. हे चालेल. बीमला तडे नाहीत, नखानं सगळीकडे चाचपून बघितलं, विशेषतः बीम खालच्या चेसीला जिथे बोल्टनं जोडलाय तिथे. किक हातानं दाबली, इंजिन फिरतंय, कॉम्प्रेशन आहे पण बेताचं. पुढचं चाक दाबलं तर फोर्क हलेचना, दगड. ग्रीव्जमध्ये पुढे स्प्रिंग नाही, लिंकच्या सांध्यातलं रबरी बुश पिळलं जातं आणि तेच स्प्रिंगचं काम करतं. साठ वर्षांचं रबर म्हणजे लाकूडच झालं असणार.

ही रबराची आयडिया आली कुठून ते भारी आहे. बर्ट ग्रीव्जचा एक चुलतभाऊ होता, डेरी प्रेस्टन-कॉब, पायानं अपंग. त्याच्या व्हीलचेअरला ह्यानं इंजिन बसवून दिलं, त्यातून इनव्हाकार नावाची कंपनी निघाली अपंगांच्या तीनचाकी गाड्यांची, आणि तिथलं ते रबरी सस्पेन्शन मग मोटरसायकलला आलं. एसेक्समधल्या थंडर्सली गावात. कारखान्याचा धंदा व्हीलचेअरगाड्यांचा आणि हौस ही. त्याच गाड्यांवर डेव्ह बिकर्सनं 1960 आणि 61 ला मोटोक्रॉसचं 250 चं युरोपियन टायटल मारलं.

कागद: व्ही5सी, म्हणजे इथलं आरसी बुक, नाही. पण एक जुनं पिवळट लॉगबुक आहे, आत कौन्सिलचे शिक्के, शेवटचा 1968 चा. लॉगबुकातला फ्रेम नंबर गाडीवरच्या नंबरशी ताडून बघितला, जुळला. आनंदात उठलो. इंजिन नंबर चिखल आणि ऑइलच्या थराखाली होता, माझ्याकडे चिंधी नव्हती आणि मागे दोन माणसं वाट बघत उभी होती.

(हे वाक्य मी नंतर वाचणार आहे आणि स्वतःला शिव्या देणार आहे असं आत्ताच वाटतंय.)

हिशेब: एकूण 3,000 च्या वर जायचं नाही. प्रीमियम (लिलाववाल्यांचं कमिशन) 15 टक्के, त्या प्रीमियमवर 20 टक्के व्हॅट, म्हणजे बोलीवर 18 टक्के चढतात. 2,500 ची बोली म्हणजे 2,950. तळहातावर पेननं 2,500 लिहिलं.

14 ऑक्टोबर

घेतली. 2,600 ला.

कसं झालं ते लिहितो. तासगावात बेदाण्याचे सौदे मी लहानपणापासून बघितलेत, आण्णांबरोबर जायचो, तिथे व्यापारी मूठभर बेदाणा उचलून बघतो, चावतो, तोंड वाकडं करतो आणि मग भाव बोलतो. म्हणलं आपल्याला हे काय नवीन. पण इथला माणूस मिनिटाला दोन लॉट उडवत होता, तोंड वाकडं करायला वेळच नाही.

सुरुवात 1,500 ला. मी गप्प बसलो, शहाण्यासारखा. 1,900 ला बोली अडखळली तेव्हा हात वर केला, 2,000. मागच्या रांगेतून कुणीतरी 2,100. मी 2,200. तो 2,300. मी 2,400. तो 2,500.

आणि इथे माझ्या डोक्यात उजेड पडला की 2,500 माझी लिमिट होती पण ती बोली त्याच्या वाट्याला गेली. शंभरा-शंभरानं चढतंय म्हटल्यावर मी सम आकड्यावर आणि तो विषमवर, आणि माझी लिमिट विषम. म्हणजे मी खरं तर 2,400 लाच संपलो होतो. हे आधी कुणी सांगत नाही. लिमिट ठरवायची तर ती आपल्या पायावर पडेल अशी ठरवायला हवी, किंवा मधेच एक बोली सोडून पाय बदलायचा. मी त्या दोन सेकंदात हा सगळा विचार केला आणि मग विचार बाजूला ठेवून हात वर केला.

मागचा थांबला. वळून बघितलं तर हिरवी लोकरी टोपी घातलेला एक म्हातारा, मान हलवून कॅटलॉगवर काहीतरी लिहीत होता.

एकूण 3,068. लिमिटच्या 68 पाउंड वर. बायकोला फोन केला, ती म्हणाली "तीन हजार ना?" मी म्हणलं "साधारण".

16 ऑक्टोबर

भाड्याची व्हॅन 70 पाउंड. गाडी गॅरेजमध्ये. शेजारचे आजोबा, रिटायर्ड टूलमेकर, हात मागे बांधून तीन चकरा मारून गेले आणि म्हणाले छान आहे, कधी जळाली होती?

जळलेली नाहीये. काजळीसारखं दिसतं ते जुनं ऑइल आहे.

24 ऑक्टोबर

दसरा. लेस्टरहून झेंडू आणले होते, दाराला तोरण करून उरले ते हँडलला बांधले. खरं कालच खंडेनवमीला पाने-हातोड्यांची पूजा करायची तर ऑफिसमुळे राहिली, ती आज एकत्रच उरकली. मुलीनं टाकीवर कुंकवाचं बोट लावलं आणि बोट चिकटलं.

तर ही टाकी. फायबरग्लासची आहे, ओरिजिनल नाही, नंतर कुणीतरी बसवलेली. लोखंडी असेल असं मी व्ह्यूइंगला धरून चाललो, टकटक करून बघितलं नाही. आत एक लिटरभर पेट्रोल तसंच होतं आणि तळ च्युइंगगमसारखा मऊ. आता इथलं साधं पेट्रोल ई10, म्हणजे जास्त इथेनॉलवालं, झालंय 2021 पासून, इथेनॉल जुन्या रेझिनला खातं, आणि विरघळलेलं रेझिन कार्बोरेटरमध्ये जाऊन बसतं. नवी ॲल्युमिनियमची टाकी 240 पाउंड. ऑर्डर केली. बजेट संपलेलं असताना पैसे खर्च करणं सोपं जातं, हा एक शोध.

5 नोव्हेंबर

स्पार्क नाही. नाही म्हणजे अंधार करून बघितलं तर प्लगवर एक फिकट पिवळा ठिपका, उदबत्तीसारखा.

ग्रीव्जला इंजिन व्हिलियर्स कंपनीचं, आणि व्हिलियर्स म्हणजे पॉइंट, कंडेन्सर, कॉइल सगळं उजव्या बाजूच्या फ्लायव्हीलखाली. फ्लायव्हील काढायला वेगळा पुलर लागत नाही ही त्यांची करामत, मधला नटच पुलर आहे: पाना लावून हातोडीनं ठोका मारला की नट सुटतो, थोडा फिरतो, परत घट्ट होतो, तिथे घाबरायचं नाही, दुसरा ठोका मारला की तोच नट फ्लायव्हीलला बाहेर ओढतो. मी पहिल्या घट्टपणाला घाबरलो आणि तीन दिवस डब्ल्यूडी-40 मारत बसलो. आजोबा आले, "मार की" म्हणाले, मारला, टण्ण करून आलं हातात.

फ्लायव्हीलच्या आत चुंबकं असतात. जुन्या काळातली चुंबकं फ्लायव्हील काढून तसंच ठेवलं की हळूहळू झोपतात, म्हणून पोलांवर लोखंडी पट्टी ठेवायची असते. माझ्या आधीच्या साठ वर्षांतल्या मालकांपैकी कुणीतरी ठेवली नसणार, कारण पाना चिकटवला तर स्वतःच्या वजनानं घसरून पडतोय. पोस्टानं पाठवलं परत चुंबक भरायला, 25 पाउंड.

पॉइंट कानशीनं नाही, बारीक पॉलिश पेपरनं साफ केले. गॅप बारा ते पंधरा थाउच्या (इंचाच्या हजाराव्या भागाच्या) मधे. कंडेन्सर नवीन.

12 नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. गॅरेजमध्ये जायचं नाही असा घरातून आदेश. गेलो नाही. (रात्री अकरानंतर पाच मिनिटं.)

2 डिसेंबर

आज शिव्या देण्याचा दिवस.

जुना नंबर परत मिळवण्यासाठी व्ही765 नावाचा फॉर्म असतो. गाडी आणि तिचा मूळ रजिस्ट्रेशन नंबर ह्यांचा संबंध जुन्या कागदावरून दाखवायचा, डीव्हीएलएच्या (इथल्या आरटीओच्या) यादीतल्या क्लबनं गाडी बघून शिक्का मारायचा, मग तो नंबर परत मिळतो, पण कायमचा त्याच गाडीला चिकटलेला, काढून विकता येत नाही. क्लबची फी 30. त्यासाठी फ्रेम आणि इंजिन दोन्ही नंबरचे फोटो लागतात, म्हणून रॉकेल आणि टूथब्रश घेऊन बसलो आणि तो थर काढला.

लॉगबुकातला इंजिन नंबर वेगळा. गाडीवरचा वेगळा. साफ वेगळा.

क्लबच्या माणसाला फोटो पाठवला. व्हिलियर्स दुसऱ्या कंपन्यांना इंजिनं बनवून द्यायचे, नंबरच्या आधीच्या अक्षर-आकड्यांवरून कुठलं मॉडेल ते कळतं, त्यानं दहा मिनिटांत सांगितलं: हे 32ए नाही. 31ए आहे. दोन्हीचं बोअर 66, स्ट्रोक 72, दोन्ही 246 सीसी, बाहेरून सारखीच. पण 32ए ट्रायल्सचं आणि 31ए रोडचं. म्हणजे कधीतरी कुणाचं तरी इंजिन फुटलं आणि त्यानं रोडच्या गाडीचं काढून हिला बसवलं.

कॅटलॉगात "246 सीसी व्हिलियर्स" एवढंच लिहिलं होतं, जे खरंच आहे. 32ए असा शब्द कुठेच नव्हता, तो मी माझ्या मनानं घातलेला. तक्रार कुणाकडे करणार, चिंधी माझ्याकडे नव्हती.

क्लबवाला म्हणाला नंबर मिळायला अडचण नाही, फ्रेम जुळतेय तेवढं पुरे, इंजिनं त्या काळात बदलायचीच. फॉर्म पाठवला.

आण्णांना सांगितलं. "मग काय झालं, राजदूतला आपण तीन वेळा इंजिन बदललं." बदललं नव्हतं, बोअर केलं होतं. पण वाद घातला नाही.

6 जानेवारी 2024

सुट्टीत इंजिन उघडलं. पिस्टनवर +20 लिहिलेलं, म्हणजे आधीच एकदा बोअर झालेलं, आणि एका बाजूला उभे ओरखडे. परत बोअर, +40 चा पिस्टन, रिंगा, 140 पाउंड. क्रँकची सील आणि गॅस्केट सेट 60. सील बदलणं टाळू नये असं मी कळकळीनं सांगतो, टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे पंपच, प्रायमरीकडचं सील गेलं की ते तिथलं ऑइल ओढून जाळत बसतं आणि मालक कार्बोरेटरला दोष देत बसतो. दुसरीकडचं गेलं तर हवा ओढतं, मिक्सचर पातळ होतं, आणि पिस्टनवर असे ओरखडे येतात.

कार्बोरेटर अमालचा मोनोब्लॉक लावलेला, स्लाइड झिजून खुळखुळतीय. तूर्त राहू दे.

27 जानेवारी

रबरी बुश. ह्याच्यावर आख्खा आठवडा गेला आणि लिहायला दोन ओळी आहेत. जुनी दाबून निघेनात, शेवटी आजोबांच्या ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये हायड्रॉलिक प्रेसवर नेली, तिथे बंदुकीच्या गोळीसारखा आवाज करून एकेक निघाली, मी दारामागे. नवी बुश 110 पाउंड. एक लक्षात ठेवायचं: घट्ट करताना गाडीचं वजन चाकावर पाहिजे. लटकवलेल्या अवस्थेत बोल्ट आवळले तर रबर आधीच पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मी लटकवूनच आवळले होते. परत सोडून परत आवळले.

24 फेब्रुवारी

चालू झाली.

फ्लायव्हील आलंय, आता पाना ओढून काढायला जोर लागतो. टाकी बसली, मूरलँड ब्लू रंगाच्या दोन पट्ट्या मारल्या, रंग जरा उजळ आलाय, कुणाला सांगू नका. पेट्रोल महागातलं, कमी इथेनॉलचं ई5, त्यात लिटरला 40 मिली ऑइल. त्या काळी ह्याच्यापेक्षा बरंच जास्त ऑइल घालायचे, आताचं ऑइल चांगलं असल्यामुळे एवढं पुरतं.

किक एकोणीस. विसावीला एक खोकला, एकविसावीला मागे फटका बसून पोटरीवर निळं, आणि बाविसावीला सुरू. पूर्ण गल्ली पांढरी. आणि तो वास. आण्णा रोज सकाळी मला मागे बसवून शाळेत सोडायचे, मी नाक त्यांच्या शर्टात खुपसलेलं असायचं कारण ऑइलचा धूर डोळ्यात जायचा, तोच वास डर्बीच्या थंडीत.

फोन लावून आवाज ऐकवला. बराच वेळ ऐकत होते. मग, "ॲव्हरेज किती देती?"

10 मार्च

शेतातल्या चढावर पहिली टेस्ट. गिअर उजव्या पायाला, त्याचा त्रास नाही, मामाच्या बुलेटवर उजव्या पायानंच शिकलो होतो. फोर्क मस्त चालतोय, दगडावर पुढचं चाक आपटत नाही, चढून जातं. टायर मागे पाच पीएसआय, इतकं मऊ की अंगठ्यानं दाबतं, म्हणून रिमला लॉक लागतो नाहीतर टायर रिमवर फिरून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो. टायर-ट्यूब 130.

पण पहिला गिअर. रोडचं इंजिन, रोडचा गिअरबॉक्स. ट्रायल्सच्या गिअरबॉक्समध्ये पहिला एवढा लहान असतो की गाडी माणसाच्या चालीनं जाते क्लच पूर्ण सोडून. माझी पळते. क्लच अर्धा दाबून ठेवावा लागतो, दहा मिनिटांत प्लेटा तापून घसरायला लागल्या. चढावर एक तर मी खूप जोरात पोचतो, नाहीतर पोचतच नाही.

मागचं स्प्रॉकेट मोठं मागवलं, 45 पाउंड.

24 मार्च

स्प्रॉकेटनं पहिला गिअर थोडा बरा झाला पण आता चौथ्यात पण बैलगाडी. रोडवर नेणं म्हणजे मागच्या ट्रकवाल्याची माफी मागत जाणं. रोडच्या गिअरबॉक्समध्ये चारही गिअर जवळजवळ असतात, स्प्रॉकेट बदललं की सगळेच खाली सरकतात. पाहिजे काय, तर खालचे दोन खूप खाली आणि वरचा जागेवर. ते आतूनच व्हायला पाहिजे.

9 एप्रिल

गुढीपाडवा. गॅलरीत गुढी, गॅरेजमध्ये गिअरबॉक्स.

परवाच्या रविवारी ऑटोजंबलला गेलो होतो. पुण्याचा जुना बाजार डोळ्यासमोर आणा, फक्त पाऊस जास्त आणि भजी नाहीत. ताडपत्रीवर गंजलेल्या वस्तू, मागे खुर्चीत थर्मास घेऊन बसलेला माणूस, आणि भाव विचारला की आधी वस्तूकडे, मग तुमच्या बुटांकडे बघणार. तिसऱ्या रांगेत एका बादलीत व्हिलियर्सचा वाइड रेशो गिअरचा सेट, म्हणजे मला पाहिजे तसाच, तारेत ओवलेला. दात मोजले (ह्यावेळी चिंधी, भिंग, टॉर्च, वही, सगळं होतं). 220 सांगितले, मी बेदाण्याच्या व्यापाऱ्यासारखं तोंड वाकडं केलं, 180 ला तुटलं. तोंड वाकडं करायला इथे वेळ होता.

आज बसवला. एक शिम (पातळ चकती) कमी पडला तो आजोबांनी कापून दिला.

आणि स्वान्सीहून, डीव्हीएलएकडून, पाकीट आलं. जुना नंबर मिळाला! 1968 नंतर पहिल्यांदा गाडी कागदावर जिवंत. चाळीस वर्षांवरची म्हणून टॅक्स शून्य आणि एमओटीची (दरवर्षीच्या तपासणीची) सक्ती नाही. काळी-चंदेरी नंबरप्लेट बनवायची म्हणतोय, पण पहिल्याच दगडावर तुटेल म्हणून घरातच लावावी असं मुलीचं मत आहे.

एकूण आत्तापर्यंत 4,098, नंबरप्लेट, पेट्रोल आणि बायकोला दिलेली लाच सोडून.

19 मे

पहिली ट्रायल. दहा सेक्शन (म्हणजे दोऱ्या लावलेले टप्पे), चार फेऱ्या, म्हणजे चाळीस वेळा कुणीतरी तुमच्याकडे टक लावून बघणार. मी प्री-65 च्या सोप्या रूटवर. आमच्या क्लासमध्ये तीन कब, दोन बँटम, एक मोठी एरियल जिच्यावरचा माणूस माझ्या आण्णांच्या वयाचा, आणि ग्रीव्ज मी एकटाच. एकानं जवळ येऊन सांगितलं, माहितीय का, ब्रिटिश गाडीनं शेवटची स्कॉटिश सिक्स डेज जिंकली ती ग्रीव्जच होती, 1969, बिल विल्किन्सन. माहीत होतं, पण पहिल्यांदा ऐकल्यासारखं केलं, त्याला बरं वाटलं.

पहिली फेरी भयंकर. पहिल्याच ओढ्यात 5. दुसऱ्यात 3. तिसऱ्यात गाडी बरोबर गेली, मी पडलो. गिअर मात्र लागला, पहिल्यात टाकून क्लच सोडला की ती बैलासारखी आपली आपण चालते, मी फक्त वर उभा राहून मध्ये न येणं एवढंच काम. हे कळायला दुसरी फेरी संपली. तिसऱ्या फेरीत चौथा सेक्शन, चिखलातून उजवीकडे वळून झाडाच्या मुळांवरून वर, क्लीन. झिरो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ऑब्झर्व्हरनं, म्हणजे मार्क मोजणाऱ्यानं, कार्डाला भोक पाडलं आणि पुढच्याकडे बघितलं.

सातवा सेक्शन, शेवटची फेरी. वरती एक पायरीसारखा खडक. ऑब्झर्व्हर खुर्चीत बसलेला, हिरवी लोकरी टोपी. मला आधी ओळखूच आला नाही, मे महिन्यात लोकरी टोपी कोण घालतं एवढंच मनात आलं. खडकाच्या तोंडाशी इंजिन गुदमरलं, मोनोब्लॉकची स्लाइड अडकली असणार, मी थांबलो आणि शांतपणे आडवा झालो.

"पाच," तो म्हणाला, कार्डाला भोक पाडलं, मग गाडी उचलायला आला. उचलता उचलता वाकून इंजिनकडे बघितलं, जिथे नंबर आहे तिथे.

"अजून 31ए च आहे की."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो.

"मी व्ह्यूइंगला पुसून बघितला होता," तो म्हणाला. "आणि नंतर परत चिखल लावून ठेवला. म्हणलं बाकीच्यांना कशाला. 32ए असतं तर मी तुला सोडलं नसतं. 2,500 ला पण मी एक बोली जास्तच गेलो होतो."

मी विचारलं, आतले गिअर बदललेत, पण कधी कुठे 32ए दिसलं तर सांगाल का.

"माझ्याकडे एक आहे शेडमध्ये."

"विकायचंय?"

"नाही," तो म्हणाला आणि खुर्चीत जाऊन बसला, कारण मागून बँटमवाला येत होता.

एकूण 87 मार्क गेले. क्लासमध्ये शेवटून दुसरा, शेवटच्याची चेन तुटली होती.

करायचं आहे: मोनोब्लॉकची स्लाइड. क्लचची केबल. डावा फुटरेस्ट वाकलाय. त्या म्हाताऱ्याला चहा.